शिशुआहाराच्या वेष्टनावरील वयाचा अंक : अर्थ, कायदा आणि दिशाभूल
(विशेष संदर्भ : वाशीम जिल्हा)

सारांश

बाजारात मिळणाऱ्या तयार शिशुआहाराच्या डब्यावर वा पुडीवर बाळाचे वय दर्शविणारा एक अंक ठळकपणे छापलेला असतो. हा अंक वैद्यकीय सल्ला आहे असा पालकांचा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक हा अंक कायद्याने घालून दिलेली विक्रीची किमान मर्यादा असून, बाळाची भूक, वाढ वा पचनशक्ती यांविषयी तो फारच थोडे सांगतो. प्रस्तुत लेखात या अंकाचा शास्त्रीय आधार, त्याची कायदेशीर वाटचाल, मराठी भाषेतील वयगणनेच्या पद्धतीमुळे त्याच्या अर्थात पडणारा फरक आणि त्यातून संभवणारी दिशाभूल यांचे वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात विवेचन केले आहे.

बीजशब्द : शिशुआहार, वयदर्शक अंक, निव्वळ स्तनपान, पूरक आहार, उष्टावण, वाशीम.

प्रस्तावना

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा असे सहा तालुके असलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११,९७,१६० असून तिचा फार मोठा भाग ग्रामीण आहे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि वाशीम या चार जिल्ह्यांची निवड झाली. आरोग्य व पोषण हा या कार्यक्रमातील सर्वांत महत्त्वाच्या विषयांपैकी एक होय. त्यामुळे जिल्ह्यातील बाळाला पहिला घास केव्हा व कोणता मिळतो, हा प्रश्न केवळ घरगुती राहत नाही.

सोयाबीनच्या सोंगणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत शेतमजूर स्त्रीला बाळंतपणानंतर काही महिन्यांतच शेतावर जावे लागते. बाळ आजीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या हाती असते. अशा वेळी किराणा दुकानातील वा औषधाच्या दुकानातील तयार शिशुआहाराची पुडी सोयीची वाटते. त्या पुडीवरील बहुतांश मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असतो आणि अक्षरे बारीक असतात. अन्नपदार्थांच्या वेष्टनावरील अनिवार्य माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत देणे नियमांना पुरेसे असून प्रादेशिक भाषा ऐच्छिक आहे. परिणामी पुडीवरील जी एकच गोष्ट घरातील प्रत्येकाला वाचता येते ती म्हणजे मोठ्या आकारातील वयाचा अंक. म्हणूनच तो अंक नेमके काय सांगतो, याची तपासणी आवश्यक ठरते.

सहा महिन्यांच्या मर्यादेचा शास्त्रीय आधार

पूर्ण दिवसांच्या व निरोगी बाळाची पहिल्या सहा महिन्यांतील अन्नाची आणि पाण्याची गरज आईच्या दुधातून भागते. जन्माच्या वेळी शरीरात साठलेले लोह साधारणपणे याच काळापर्यंत पुरते. बाळ मान सावरू लागते, आधाराने बसू लागते आणि जिभेने घास बाहेर ढकलण्याची जन्मजात क्रिया ओसरते, तीही या सुमारास. त्याआधी वरचे अन्न सुरू केल्यास दोन प्रकारचे नुकसान संभवते. एक म्हणजे बाळ तेवढे कमी दूध ओढते व त्यामुळे आईचे दूधही कमी होत जाते. दुसरे म्हणजे वाटी, चमचा, बाटली व पाणी यांच्या वाटे जंतूंचा शिरकाव होऊन अतिसाराचा धोका वाढतो. उन्हाळ्यातील पाणीटंचाईच्या दिवसांत, साठवलेल्या पाण्यावर घर चालत असताना, हा धोका अधिक गंभीर होतो.

पूर्वी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान पूरक आहार सुरू करावा असा सल्ला जागतिक पातळीवर दिला जात असे. कॅनडातील बालरोगतज्ज्ञ मायकेल क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. सहा महिने निव्वळ स्तनपान घेतलेल्या बाळांच्या वाढीत उणीव आढळत नाही, उलट त्यांच्यात पोटाच्या संसर्गाचे प्रमाण कमी असते, असा त्याचा निष्कर्ष होता. या पार्श्वभूमीवर मे २००१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सहा महिने निव्वळ स्तनपान आणि त्यानंतर स्तनपानासह पूरक आहार ही शिफारस स्वीकारली. येथे सहा महिने याचा अर्थ सहा महिने पूर्ण, म्हणजेच सुमारे १८० दिवस, असा आहे.

कायद्यातील वयाची वाटचाल

जागतिक आरोग्य सभेने २१ मे १९८१ रोजी मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विपणनासंबंधी आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. भारताने १९८३ मध्ये राष्ट्रीय संहिता स्वीकारली. पुढे ३ डिसेंबर १९९१ रोजी विदर्भातीलच वर्धा येथे भारतीय स्तनपान प्रोत्साहन जाळे या संस्थेची स्थापना झाली. या चळवळीच्या वातावरणात संसदेने शिशुदुग्ध पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व शिशुआहार यांचे उत्पादन, पुरवठा व वितरण यांचे नियमन करणारा अधिनियम १९९२ मध्ये संमत केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अंमलात आला.

या अधिनियमातील शिशुआहाराची व्याख्या लक्षणीय आहे. मूळ अधिनियमात 'चार महिन्यांच्या वयानंतर' आईच्या दुधाला पूरक म्हणून विकले जाणारे अन्न अशी ती व्याख्या होती. २००३ च्या दुरुस्तीने तेथे 'सहा महिन्यांच्या वयानंतर आणि दोन वर्षांच्या वयापर्यंत' असा बदल करण्यात आला. म्हणजे १९९३ ते २००३ या दशकात देशाच्या कायद्यातच चार महिन्यांचा अंक होता. वाशीम जिल्ह्यात त्या दशकात ज्या स्त्रिया माता झाल्या, त्यांपैकी अनेक आज आजीच्या भूमिकेत आहेत. सुनेला त्या 'आमच्या वेळी चौथ्या महिन्यापासूनच देत होते' असे सांगतात, तेव्हा ते अज्ञान नसते. ती त्या काळच्या अधिकृत सल्ल्याची आठवण असते. आरोग्यशिक्षणात आजीला दोष देण्याऐवजी हा बदल केव्हा व का झाला हे तिला समजावून सांगणे अधिक परिणामकारक ठरेल.

या अधिनियमानुसार वेष्टनावर आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम असल्याची सूचना देणे, आरोग्यसेवकाच्या सल्ल्यानेच वापर करावा असे नमूद करणे, तसेच हे अन्न बाळाच्या पोषणाचा एकमेव स्रोत नाही असा इशारा देणे बंधनकारक आहे. वेष्टनावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापण्यास व विक्री वाढविण्याच्या हेतूने चित्रे वा शब्दयोजना करण्यास मनाई आहे. वेष्टनासंबंधीच्या तरतुदींचा भंग झाल्यास किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे कारावास आणि किमान २,००० रुपये दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. बालकल्याणाचे काम करणाऱ्या व केंद्र शासनाने प्राधिकृत केलेल्या स्वयंसेवी संस्थांनाही न्यायालयात तक्रार करता येते, हे या अधिनियमाचे वैशिष्ट्य होय. मुंबईतील 'अकॅश' या ग्राहक संस्थेने १९९० च्या दशकात या अधिकाराचा वापर केला होता.

अंक शरीराचा की कायद्याचा ?

वयाचा अंक बाळाच्या शरीरधर्मातून आपोआप निघत नाही, याचा पुरावा विविध देशांतील वेष्टनांची तुलना केल्यास मिळतो. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशानुसार धान्याधारित शिशुआहाराच्या वेष्टनावर चार महिन्यांपेक्षा कमी नसलेले वय छापणे पुरेसे होते. भारतात मात्र सहा महिन्यांची मर्यादा आहे. युरोपातील बाळ भारतातील बाळापेक्षा दोन महिने आधी तयार होते असा याचा अर्थ नव्हे. दोन ठिकाणचे कायदे भिन्न आहेत, एवढाच त्याचा अर्थ होय. परदेशातील आप्तांनी प्रेमाने पाठविलेल्या डब्यावर ४ हा अंक असल्यास त्याकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात व्हिएन्ना, सोफिया, बुडापेस्ट व हैफा या चार शहरांतील ५०० हून अधिक दुकानांमधील सुमारे ८,००० उत्पादनांची पाहणी मांडली आहे. त्यांपैकी शहरागणिक २८ ते ६० टक्के उत्पादने सहा महिन्यांखालील बाळांसाठी योग्य म्हणून विकली जात असल्याचे दिसून आले. त्याआधी २०१६ मध्येच जागतिक आरोग्य सभेने शिशुआहाराचा अयोग्य प्रसार थांबविण्याविषयीचे मार्गदर्शन स्वागतार्ह मानले होते आणि त्यात वेष्टनावरील वय सहा महिन्यांपेक्षा कमी नसावे असे सुचविले होते. भारताचा कायदा या बाबतीत पुढे होता, ही समाधानाची बाब आहे. तथापि कायद्यातील अंक योग्य असला म्हणजे वाचकापर्यंत पोहोचणारा अर्थही योग्य असतो, असे मात्र नाही.

दिशाभुलीची चार रूपे

१. 'सहा महिने' आणि 'सहावा महिना'

मराठीत वय दोन पद्धतींनी सांगितले जाते. 'बाळ सहा महिन्यांचे झाले' म्हणजे सहा महिने पूर्ण झाले. 'बाळाला सहावा महिना लागला' म्हणजे पाच महिने पूर्ण होऊन सहावा चालू झाला. गरोदरपणाच्या संदर्भात 'सातवा लागला', 'नववा लागला' हे प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत. बोलताना हा फरक स्पष्ट असतो, परंतु वेष्टनावरील नुसता ६ हा अंक या दोहोंपैकी काहीच सांगत नाही. वाचणारा तो आपल्या सवयीप्रमाणे उच्चारतो. 'सहाव्या महिन्यापासून' असा अर्थ घेतल्यास आहार सुमारे १५० व्या दिवशी सुरू होतो, म्हणजे शिफारशीपेक्षा जवळपास एक महिना आधी. तिथीनुसार महिने मोजणाऱ्या घरांत पडणारा फरक याच्या तुलनेत किरकोळ आहे, कारण सहा चांद्रमास सुमारे १७७ दिवसांचे होतात. खरा फरक पंचांगाचा नसून क्रमवाचक शब्दाचा आहे.

उष्टावणाचा संस्कार या गोंधळात भर घालतो. परंपरेने मुलाचे उष्टावण सहाव्या किंवा त्यापुढील सम महिन्यात आणि मुलीचे पाचव्या किंवा सातव्या अशा विषम महिन्यात करण्याची रीत आहे. मुलाचे उष्टावण सहावा महिना चालू असताना झाले, तर १८० दिवस भरलेले नसतात. पाचव्या महिन्यात झालेले मुलीचे उष्टावण तर सुमारे दोन महिने आधी ठरते. याउलट सातवा महिना लागल्यावर केलेले उष्टावण शास्त्रीय शिफारशीशी तंतोतंत जुळते. त्यामुळे परंपरेला विरोध करण्याची गरज नाही. 'सातवा लागल्यावर घास' एवढा सोपा संदेश परंपरा व शास्त्र या दोहोंना सामावून घेतो, आणि तो मुलगा व मुलगी दोघांनाही सारखाच लागू पडतो.

२. एकच अंक, दोन अर्थ

अनेक उत्पादनांवर वयाच्या जोडीला टप्प्याचा क्रमांक छापलेला असतो. दुधाच्या भुकटीवरील पहिला टप्पा जन्मापासूनचा असतो, तर धान्याधारित आहारावरील पहिला टप्पा सहा महिन्यांनंतरचा असतो. दोन्ही डबे एकाच फळीवर मांडलेले असतात आणि दोहोंवर १ हाच अंक असतो. इंग्रजी वा हिंदी न वाचणाऱ्या व्यक्तीने केवळ अंकावर विसंबून पुडी निवडली, तर चूक होणे स्वाभाविक आहे. ही चूक वाचणाऱ्याच्या निरक्षरतेतून घडते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ती मांडणीतून घडते.

३. पायऱ्यांचा भास

सहा, आठ, दहा, बारा महिने अशा चढत्या क्रमाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांमुळे बाळाने प्रत्येक पायरीवर नवी पुडी घेतलीच पाहिजे असा समज निर्माण होतो. प्रत्यक्षात बाळाला चढत्या क्रमाने हवे असते ते अन्नाचे प्रमाण, घट्टपणा व वैविध्य. स्तनपान चालू असताना वरच्या अन्नातून ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दररोज सुमारे २००, ९ ते ११ महिन्यांच्या बाळाला सुमारे ३०० आणि १२ ते २३ महिन्यांच्या बाळाला सुमारे ५५० किलोकॅलरी मिळणे अपेक्षित आहे. सात किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिलिलिटर अन्न मावते. तेवढ्यात पातळ पेज दिली, तर पोट भरते पण गरज भागत नाही. म्हणून अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट असावे, आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास बारीक गोळे व हाताने धरून खाण्याचे पदार्थ यावेत आणि वर्षाच्या सुमारास बाळाने घरच्या ताटातील मऊ अन्न खावे, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. पुडीतील पीठ प्रत्येक पायरीवर गुळगुळीतच राहिले, तर अंक वाढतो पण चावण्याची सवय मागे पडते.

येथे या आहारांची जमेची बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. त्यांत लोह व जीवनसत्त्वे मिसळलेली असतात आणि सहा महिन्यांनंतर लोहाची गरज घरच्या अन्नातून भागविणे सोपे नसते. तथापि वयाचा अंक गोडीविषयी काहीच सांगत नाही. स्वित्झर्लंडमधील 'पब्लिक आय' या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध शिशुआहारात साखर मिसळलेली असून तीच कंपनी काही युरोपीय देशांत ती मिसळत नाही, असे निदर्शनास आणले होते. त्यानंतर कंपनीने साखरविरहित प्रकार बाजारात आणण्याचे जाहीर केले. वय योग्य असलेले उत्पादन घटकांच्या दृष्टीनेही योग्य असेलच असे नाही, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

४. दोन वर्षांची वरची सीमा

अधिनियमातील जाहिरातबंदी दोन वर्षांपर्यंतच्या आहाराला लागू आहे. त्यापुढील वयासाठीच्या दुधाच्या भुकट्या व पौष्टिक पेये तिच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांची जाहिरात दूरचित्रवाणीवर होऊ शकते आणि त्यांचे नाव, रंग व मांडणी लहान बाळाच्या डब्याशी मिळतीजुळती असू शकते. येथे २ हा अंक बाळाच्या वाढीतील टप्पा दर्शविण्यापेक्षा जाहिरातीची मोकळीक कोठून सुरू होते हे अधिक दर्शवितो. एक वर्षानंतरच्या बाळांसाठी अशा विशेष दुधाची शिफारस केली जात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट केले आहे.

उशिराची चूक

लवकर सुरुवात करण्याचा धोका जेवढा खरा, तेवढाच उशिरा व अपुरे अन्न देण्याचाही आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळांना निव्वळ स्तनपान मिळत होते. परंतु ६ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी केवळ ११.३ टक्के बालकांना पुरेसा आहार मिळत होता. पाच वर्षांखालील खुजेपणाचे प्रमाण देशात ३५.५ टक्के, तर महाराष्ट्रात ३५.२ टक्के होते. यावरून असे दिसते की मोठी उणीव सहा महिन्यांनंतरच्या काळात आहे. पुडीवरील अंक पाहून एक-दोन चमचे पीठ कालवून दिले म्हणजे वरचे अन्न सुरू झाले, असा समज हीदेखील दिशाभूलच होय.

या काळासाठी वाशीमसारख्या जिल्ह्यात साधने दुर्मीळ नाहीत. ज्वारीच्या मऊ कण्या, मुगाची खिचडी, तुरीचे घट्ट वरण व भात, त्यावर तूप किंवा तेल, कुस्करलेले केळे, शिजवून घोटलेली पालेभाजी आणि जेथे चालते तेथे अंडे, हे घटक बहुतेक घरांच्या आवाक्यात असतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास व सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनातून असे दिसून आले की, मोड आणून वाळवलेल्या धान्याचे थोडेसे पीठ मिसळल्यास घट्ट लापशी सैल होते आणि बाळाला पाणी न वाढवता अधिक अन्न घेता येते. मोड आणून सत्त्व काढण्याची रीत मराठी घरांना नवीन नाही. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांसाठी अंगणवाडीतून घरपोच आहारही दिला जातो.

वयापलीकडे पाहताना काही अपवाद लक्षात ठेवावे लागतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय जन्मतारखेपासून मोजणे पुरेसे नसते. आईचे दूध काही कारणाने उपलब्ध नसलेल्या बाळाची गरजही वेगळी असते. अशा प्रसंगी निर्णय डॉक्टरांच्या किंवा आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने व्हावा.

महाविद्यालयांची भूमिका

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांना हा विषय अनेक विद्याशाखांतून हाताळता येण्यासारखा आहे. गृहविज्ञानाचे विद्यार्थी वेष्टनांवरील वय, साखर व लोह यांच्या नोंदींचा तौलनिक तक्ता तयार करू शकतात. मराठी विभागाला वयवाचक शब्दप्रयोगांचा अभ्यास करून आरोग्यसंदेशांची भाषा निःसंदिग्ध करता येईल. वाणिज्य शाखेला ग्राहकहक्कांच्या अंगाने हा विषय शिकविता येईल. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार चुकीचे वेष्टन असलेल्या अन्नासाठी तीन लाख रुपयांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, ही माहिती विद्यार्थ्यांमार्फत गावापर्यंत पोहोचू शकते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आशा कार्यकर्त्या व अंगणवाडी सेविका यांच्या सहकार्याने घरोघरी बाळाची '१८० दिवसांची तारीख' काढून ती माता व बालक संरक्षण कार्डावर लिहून देण्याचा उपक्रम अल्प खर्चात राबविता येईल. तारीख एकदा लिहिली की 'सहावा की सहा' हा प्रश्न उरत नाही.

निष्कर्ष

शिशुआहाराच्या वेष्टनावरील वयाचा अंक खोटा नसतो, परंतु तो अपुरा असतो. तो विक्रीची किमान मर्यादा सांगतो. त्या वयाच्या प्रत्येक बाळाला ते उत्पादन आवश्यक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. मराठी वाचकाच्या बाबतीत पूर्ण झालेला महिना व चालू महिना यांतील फरकामुळे त्याचा अर्थ सुमारे तीस दिवसांनी बदलू शकतो. म्हणून वेष्टनावर नुसत्या अंकाऐवजी 'सहा महिने पूर्ण झाल्यानंतरच' असा स्पष्ट मराठी मजकूर असणे, दुधाच्या व धान्याच्या उत्पादनांवरील टप्पे वेगळे ओळखता येणे आणि दोन वर्षांवरील उत्पादनांची मांडणी शिशुआहारापासून भिन्न ठेवणे या तीन सुधारणा इष्ट आहेत. त्या होईपर्यंत डब्यावरील अंकापेक्षा बाळाची जन्मतारीख, त्याचे वजन आणि त्याच्या वाटीतील अन्नाचा घट्टपणा यांवर विसंबणे पालकांच्या अधिक हिताचे आहे.